बापाचं नाव कापणारी ओळ

आमचा मुख्य प्रोग्रामर टेरेन्स खू याला त्या ओळीचा फार अभिमान होता. नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला तो ती पडद्यावर दाखवायचा आणि हाताची घडी घालून मागे टेकून बसायचा. मलाही दाखवली होती. कंसात कंस, त्यांच्या पोटात आणखी कंस, मध्येच चांदण्या, प्रश्नचिन्हं, तिरपे दांडे, उभे दांडे. कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं ते प्रकरण पडद्याच्या उजव्या कडेबाहेर जायचं. पुढचं वाचायला पान सरकवावं लागे.

"हे काय करतं, सांग बघू," असं टेरेन्स विचारायचा, आणि समोरच्याला सांगता आलं नाही की खूश व्हायचा.

प्रोग्रामर लोक अशा ओळीला रेजेक्स म्हणतात. मजकूर कसा असावा याचा तो साचा असतो. साच्यात बसला तर आत, नाही बसला तर बाहेर. टेरेन्सचा साचा नावांसाठी होता. आमची कंपनी पेनांग बेटावर बायान लेपासला, आणि आमचं सॉफ्टवेअर डायलिसिसच्या केंद्रांत चालायचं. पेशंट आला, त्याने आपलं ओळखपत्र मशीनमध्ये घातलं, की ही ओळ कार्डावरचं नाव घ्यायची, त्याचे तुकडे करायची आणि त्यावरून त्याची वेळ आणि खुर्ची शोधायची.

आमच्या देशात मलय, चिनी, तमिळ असे सगळे राहतात, आणि नावं एका साच्याची नाहीत. मलय माणसाचं नाव 'बिन' किंवा 'बिन्ती'ने बापाच्या नावाशी जोडलेलं असतं. चिनी माणसाचं आडनाव आधी येतं, आणि जुन्या लोकांना कधीकधी दोन नावं असतात, मध्ये ॲट द रेटचं चिन्ह. आम्हा तमिळांना आडनाव नसतंच. मुलगा असेल तर 'ए/एल', मुलगी असेल तर 'ए/पी', आणि पुढे बापाचं नाव. म्हणजे अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी. माझ्या कार्डावर आहे: कनिमोळी ए/पी अरुणाचलम. ऑफिसात मी नुसती कनी.

टेरेन्सने ही सगळी नावं एका ओळीत कोंबली होती. शेजारी एक शब्द खुलाशाचा नव्हता. चाचणी नव्हती. काही बिघडलं की तो स्वतः यायचा, एखादा कंस वाढवायचा आणि शिट्टी वाजवत परत जायचा. आम्हाला सक्त ताकीद होती, त्या ओळीला हात लावायचा नाही. हात लावायची कुणाची छातीही नव्हती, खरं सांगायचं तर.

सोमवारी दुपारी रोहायांचा फोन आला. काक रोहाया म्हणजे निबोंग तबालच्या केंद्राच्या मुख्य नर्स. वयाने माझ्या मावशीएवढ्या, पण तिकडे सगळे त्यांना 'काक', म्हणजे ताई, म्हणूनच हाक मारतात.

"कनी, तुमच्या मशीनला काय झपाटलंय का ग?" त्यांचा आवाज चढलेला होता. "मी लेकीच्या लग्नासाठी रजेवर होते. आज येऊन बघते तर माझे तमिळ पेशंट यादीतून गायब!"

"गायब म्हणजे?"

"म्हणजे गायब. त्यांच्या खुर्च्या दुसऱ्यांना दिल्यात. आणि मारियायी आंटी सरकारी दवाखान्यात आहेत. छातीत पाणी झालं. ऑक्सिजनवर आहेत. दोनदा आल्या होत्या इथे, दोनदा परत पाठवलं. काउंटरवर माझ्या जागी बदलीची मुलगी होती, ती म्हणते, स्क्रीनवर आंटींची वेळच नव्हती. तिला तरी काय बोलू? तुम्हीच शिकवून गेलात ना, स्क्रीन सांगेल तेच खरं?"

ज्याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत त्याला दिवसाआड मशीनवर बसावं लागतं. एक वेळ चुकली की अंगात पाणी साठायला लागतं. दोन चुकल्या की माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो. मारियायी ए/पी सिन्नप्पन ही साठीची बाई. सगळा जन्म रबराच्या मळ्यात झाडांना चिरा पाडण्यात गेलेला. ती मुलीच्या स्कूटरवर बसून वेळेवर आली, आणि काचेआडून तिला सांगण्यात आलं, "आंटी, आज तुमची वेळ नाही." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा यायला तिच्यात त्राण उरलं नाही.

मी फोन ठेवला आणि पडद्यावर तिची नोंद उघडली. नावाच्या जागी होतं: 'मारियायी ए'.

बस. एवढंच. तिरप्या दांड्यापाशी नाव तुटलं होतं. पुढची पी नाही, बाप नाही. कार्डावरचं पूर्ण नाव आणि हे अर्धं नाव जुळेना, म्हणून मशीनने तिची वेळ 'संशयित नोंदी' नावाच्या कोपऱ्यात नेऊन टाकली होती. त्या कोपऱ्यात कुणी कधी डोकावत नव्हतं. मी डोकावले. गोविंदसामी ए. तेन्मोळी ए. परमसिवम ए. खाली सरकवत गेले तरी संपेना. सगळ्या केंद्रांतले सगळे तमिळ पेशंट गेल्या आठवड्यापासून तिथे ओळीने पडले होते. बाकीच्या ठिकाणी नर्स लोकांनी तोंडं ओळखून हाताने खुर्च्या दिल्या होत्या, म्हणून निभावलं. निबोंग तबालला तोंड ओळखणारी बाई लेकीच्या लग्नात होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेरेन्सच्या केबिनमध्ये मी दार न वाजवता शिरले.

"आठवड्यापूर्वी नावाच्या ओळीत काय बदललंत?"

त्याने कॉफी-ओचा, बिनदुधाच्या कॉफीचा, कप खाली ठेवला. "गुड आफ्टरनून, कनी. दोन नावांवाल्यांसाठी एक छोटी सोय केली. मोठ्या हॉस्पिटलची मागणी होती. का?"

मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पडद्याकडे पाहिलं, ओठ चावले. क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस डोकं धरून बसेल.

"जुनी ओळ परत टाकता येईल," तो म्हणाला. "पण मग दोन नावांवाले अडकतील. त्यापेक्षा केंद्रांना कळव, तमिळ पेशंटच्या नोंदीत तो तिरपा दांडा आणि बापाचं नाव घालूच नका म्हणावं. नुसतं पहिलं नाव ठेवा. सुटसुटीत."

"कार्डावर पूर्ण नाव आहे. मग कार्डाशी कसं जुळेल?"

"कार्ड वापरू नका म्हणावं त्या लोकांना."

'त्या लोकांना.' मी त्याच्या समोर उभी होते आणि माझ्या गळ्यात लटकणाऱ्या ओळखपत्रावर माझं नाव होतं, दांड्यासकट.

"टेरेन्स, बाई दवाखान्यात आहे."

"आय नो, वाईट झालं. पण भावनेच्या भरात कोड लिहीत नाहीत."

मी बाहेर पडले ते थेट खाली मामाकच्या, म्हणजे तमिळ मुसलमानाच्या, चहाच्या टपरीवर. मागोमाग युसरी आला. युसरी आमच्याकडे चाचण्या बघायचा. बोलायला मिठ्ठास, पण एकदा चूक हुंगली की सोडायचा नाही. येतानाच तो ती ओळ कागदावर छापून घेऊन आला होता. कागद तीनदा दुमडलेला.

"सापडलं," तो म्हणाला आणि दोन तेह तारिक, फेसाळ दुधाचे चहा, सांगून बसला. "हा उभा दांडा बघ. उभा दांडा म्हणजे 'किंवा'. आता समज, तू मामाकला सांगितलंस, रोटी किंवा तोसै आणि डाळ. तर डाळ कशाबरोबर? नुसत्या तोसैबरोबर, की रोटीबरोबरही?"

"मामाकला कळतं."

"मामाकला कळतं, मशीनला कळत नाही. मशीनला कंस लागतो. टेरेन्ससाहेबांनी नवा 'किंवा' घातला, पण कंस एक घर अलीकडेच बंद झाला. त्यामुळे तो 'किंवा' अख्ख्या ओळीच्या मधोमध बसला. ओळीचे दोन तुकडे झाले. आणि 'नाव शेवटपर्यंत जुळलं पाहिजे' ही अट गेली दुसऱ्या तुकड्याबरोबर. पहिला तुकडा मोकाट. त्याला सुरुवात जुळली की पुरे. दांडा दिसला, थांबला, म्हणाला, झालं नाव."

"एक कंस."

"एक कंस," युसरी म्हणाला. "आणि तो मला दिसायला अख्खा कागद पेन्सिलीने रंगवावा लागला. हिरवे कंस हिरव्याशी, लाल लालशी. साहेबांनाही दिसला नसणार. कुणालाच दिसला नसता. चुकणं मी समजू शकतो, कनी. पण चूक दिसूच नये असं लिहून ठेवायचं आणि वर त्याची शेखी मिरवायची, हे काय?"

तेच माझ्या डोक्यात घण घालत होतं. माणूस चुकतो, मीही चुकते. पण या माणसाने आम्हा सगळ्यांना त्या ओळीपासून लांब ठेवलं होतं. समजत नाही हा आमचा कमीपणा, आणि समजू नये असं लिहिणं ही त्याची हुशारी. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असायचं: वाचता येत नसेल तर शिका. मारियायीने शिकायला हवं होतं की काय?

त्या संध्याकाळी ती ओळ मी मोडायला घेतली.

अवघड काही नव्हतं, हे मला लिहिताना कळलं आणि आणखीच राग आला. मी तिचे लहान लहान साचे केले आणि प्रत्येकाला नाव दिलं. 'स्वतःचं नाव'. 'नात्याचा शब्द', यात बिन, बिन्ती, ए/एल, ए/पी, आणि सारावाकच्या लोकांचा 'अनाक'. 'बापाचं नाव'. 'दुसरं नाव'. प्रत्येक साचा आपापल्या ओळीवर, शेजारी साध्या वाक्यात तो काय पकडतो आणि का, आणि एक उदाहरण. 'किंवा' जिथे आला तिथे त्याला स्वतःचा कंस, आणि तो कंस कुठे उघडतो, कुठे मिटतो ते नजरेत भरेल अशी जागा सोडून. शेवटी हे तुकडे त्यांच्या नावांनीच एकमेकांना जोडले. आणि एक गोष्ट मी मुद्दाम बदलली. नाव साच्यात बसलं नाही, तर ते कापायचं नाही, कोपऱ्यातही टाकायचं नाही. ते जसंच्या तसं पडद्यावर दाखवायचं आणि काउंटरवरच्या माणसाला सांगायचं, मला कळत नाही, तुम्ही बघा.

युसरीने चाचण्या लिहिल्या. त्याच्या सगळ्या मावश्या, आत्या, शेजारचे काका, शाळेतले मास्तर, जेवढी चमत्कारिक नावं त्याला ठाऊक होती तेवढी त्याने आत घातली. एका मावशीचं नाव इतकं लांब होतं की कार्डावर ते दोन ओळींत छापलं होतं. "हिने आजवर प्रत्येक मशीन रडवलंय," तो म्हणाला. आमच्या मशीनने तिला सरळ आत घेतलं.

टेरेन्सने ते बघायला वेळ लावला, आणि बघितल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने हसला.

"हे काय आहे? बालवाडी? मी एका ओळीत जे केलं त्याला तू पानभर लावलंस."

"वाचता येतं ते," मी म्हणाले.

"मला माझंही वाचता येतं. हे चालू मशीनवर चढवायचं नाही."

बुधवारी केंद्रांच्या लोकांबरोबर बैठक होती. आमच्या संचालिका मॅडम ऊई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. मॅडम ऊईंनी एका खोलीतून ही कंपनी उभी केली, टेरेन्स त्या खोलीपासून त्यांच्याबरोबर. केंद्रांतर्फे काक रोहाया आल्या होत्या, बैठकीला येताना घालायचा त्यांचा निळा पायघोळ बाजू कुरुंग, मांडीवर पिशवी. टेरेन्सने घटनेचा अहवाल वाचायला घेतला.

"'रुग्णाचे नाव अनियमित स्वरूपात असल्यामुळे नोंद जुळू शकली नाही. केंद्रांनी यापुढे नावे नियमित स्वरूपात भरावीत.' खाली आपल्या टीमच्या सह्या. कनी, तुझी इथे."

"अनियमित काय होतं?" मी विचारलं.

"हा तांत्रिक शब्द आहे."

"सरकारने तिच्या कार्डावर छापलेलं नाव ते. जन्मल्यापासून तेच. आणि आपल्यापुढे आलं की ते अनियमित?"

"कनी," मॅडम ऊई म्हणाल्या, "आवाज."

"मॅडम, सॉरी, पण आवाज चढणारच. यांच्या ओळीने त्या बाईचा बाप काढला! कुणी रस्त्यात आपला बाप काढला तर आपण मागे वळून दोन लावतो. इथे मशीनने शेकडो लोकांचे बाप काढले, आणि माफी त्यांनीच मागायची?"

रोहायांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्या हसल्या नाहीत. टेरेन्स लाल झाला होता.

"तुला ओळ कळत नाही, म्हणून..."

"मग तुम्ही सांगा ना." मी उठले, माझा लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला लावला. ती ओळ भिंतीभर पसरली आणि तरीही संपली नाही. "तुम्ही प्रत्येकाला मुलाखतीत विचारता, हे काय करतं. आज तुम्ही सांगा. डावीकडून सुरू करा. एकेक कंस."

त्याला नाही म्हणता येईना. मॅडम ऊई बघत होत्या. तो उठला, पडद्याजवळ गेला, बोट लावलं. सुरुवात छान केली. "इथे नाव सुरू होतं. हे अक्षर. हे एक किंवा अधिक. हा गट चिनी नावांचा..." मग बोट मंदावलं. "हा कंस त्या... नाही, हा आतला. हा बंद होतो तो..." बोट मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. त्याने कपाळ पुसलं. मला त्याची दया यायला हवी होती बहुतेक. आली नाही. मला निबोंग तबालचा काउंटर दिसत होता.

"हे चालवून बघायला लागेल," तो शेवटी म्हणाला. "असं तोंडी सांगता येत नाही."

"थँक यू," मी म्हणाले आणि माझं पान लावलं.

कुणी काही बोलायच्या आत रोहायाच चष्मा चढवून पुढे वाकल्या. "'नात्याचा शब्द'," त्यांनी वाचलं. "बिन, बिन्ती, ए/एल, ए/पी, अनाक... अगं कनी, इथे 'बिन्ते' नाही. माझ्या सासूबाईंच्या कार्डावर बिन्ते आहे. शेवटी इंग्रजी ई आहे, आय नाही. जुन्या बायकांच्या कार्डांवर असतं असं."

त्या बाईंनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिली नव्हती. मी खुर्चीतच बसून यादीत 'बिन्ते' घातला. युसरीने चाचणीत रोहायांच्या सासूबाई घातल्या. चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास.

"टेरेन्स," मॅडम ऊई सावकाश म्हणाल्या, "तुझ्या ओळीत बिन्ते आहे का?"

त्याने पडद्याकडे पाहिलंही नाही. "माहीत नाही," तो म्हणाला. तेवढं मात्र खरं बोलला.

मॅडम ऊईंनी नवं कोड त्याच दिवशी चढवायला सांगितलं. मला वाटलं, जिंकलो. मग त्या म्हणाल्या, "अहवाल मात्र तसाच जाऊ दे. वकिलांनी बघितलाय. 'अनियमित' शब्द राहील."

"मग माझी सही राहणार नाही."

"कनी, विचार करून बोल."

"मॅडम, त्याच शब्दाचा विचार करतेय मघापासून."

मी सही केली नाही. युसरीनेही केली नाही. त्याने पेनला टोपण लावून ते खिशात ठेवलं आणि गोड हसून म्हणाला, "माझंही नाव तसं अनियमितच आहे, मॅडम."

रविवारी मी बेटावरून पूल ओलांडून पलीकडे गेले, निबोंग तबालला. मारियायी घरी आली होती. तिची मुलगी वल्ली शाळेचं कॅन्टीन चालवायची. मला दारात बघून तिने कमरेवर हात ठेवले.

"तू त्या कंप्युटरवाल्यांची?"

"हो. मीच ते सॉफ्टवेअर..."

"मग चप्पल काढायचे कष्ट घेऊ नको. तिथूनच बोल."

मी दारातूनच बोलले. काही लपवलं नाही. एक कंस चुकीच्या जागी बसला, तो कुणाला दिसला नाही, कारण लिहिणाऱ्याने तो दिसेल असा लिहिलाच नव्हता, आणि आम्ही बाकीचे गप्प बसलो. अहवालात नाव अनियमित आहे असं लिहिलंय, तेही सांगितलं. वल्लीच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला.

आतून खोकत खोकत आवाज आला, "कोण अनियमित?"

"तू, अम्मा," वल्ली म्हणाली. "हिच्या कंपनीचं म्हणणं, तुझं नाव अनियमित आहे."

"आत घे तिला."

मारियायी पलंगावर उशांना टेकून बसली होती. हात काटकुळे, डाव्या दंडावर सुयांच्या गाठी. डोळे मात्र असे की मी खाली बघितलं.

"माझा बाप सिन्नप्पन," ती म्हणाली. तिला बोलताना धाप लागत होती, पण थांबली नाही. "मळ्यातला गोरा साहेब त्याला 'सॅम' म्हणायचा. नाव बोलता येत नाही म्हणून. माझा बाप हाकेला ओ द्यायचा नाही. पगार कापला, तरी दिली नाही. शेवटी साहेब शिकला नाव. आणि तुमचं मशीन शिकत नाही होय? ते काय साहेबापेक्षा मोठं लागून गेलं?"

"आता शिकलंय, अम्मा."

"मी दोनदा गेले त्या काचेपाशी. कार्ड दाखवलं. त्या पोरीला म्हटलं, बघ, हे माझं नाव, हा माझा फोटो. ती मशीनकडे बघते! मी समोर उभी, धापा टाकतेय, आणि ती मशीनला विचारते मी आहे का म्हणून!"

वल्लीने तिला पाणी दिलं, अगदी दोन घोट, मोजून मापून देतात तसं. मग माझ्याकडे वळली.

"तू हे सगळं कागदावर लिहून देशील?"

"देईन."

"नोकरी जाईल."

"बघू."

वल्लीने तक्रार केली. माझं लिखाण जोडून आरोग्य खात्याकडे, आणि एक प्रत केंद्रांच्या साखळीच्या मुख्य ऑफिसात. रोहायांनी स्वतःची साक्ष जोडली. नोकरी गेली नाही, पण मला मोठ्या हॉस्पिटलच्या कामावरून काढून अंतर्गत सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात बसवलं, जिथे पगारपत्रकं आणि पत्रं छापायचं काम चालतं. वकिलांनी मात्र 'अनियमित' शब्द मागे घेतला. रीतसर माफीचं पत्र निघालं, मॅडम ऊईंच्या सहीचं.

ते पोचलं त्या दिवशी वल्लीचा फोन आला. ती रागाने फणफणत होती.

"वाचू?" ती म्हणाली. "'प्रिय मारियायी ए.'"

मी पुन्हा वाचायला लावलं. तेच होतं. पत्रं छापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी कधीतरी टेरेन्सची ओळ उचलून जशीच्या तशी चिकटवली होती. टेरेन्सने मूळ ओळ बदलली की एक आपोआप चालणारी सोय तोच बदल या नकलांतही उतरवायची. आम्ही एक ओळ मारली होती. तिची भावंडं घरभर पसरली होती.

मी युसरीला बोलावलं आणि आम्ही शोधायला लागलो. बिलं छापणाऱ्या कोडमध्ये होती. औषधांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या छापणाऱ्या कोडमध्ये होती, ते बघून युसरीने आपल्या देवाचं नाव घेतलं. रक्तगट नोंदवण्याच्या पडद्यामागे होती. एका ठिकाणी तिच्यात कुणीतरी अंदाजाने आणखी एक कंस घालून ठेवला होता आणि शेजारी लिहिलं होतं: 'का चालतं माहीत नाही, हात लावू नका.'

सगळीकडे मी एकच केलं. ती ओळ उपटून काढली आणि त्या जागी आमच्या साच्याकडे बोट दाखवलं, म्हणजे पुढे नवं नाव आलं तर बदल एकाच ठिकाणी करायचा. औषधांच्या चिठ्ठ्यांपर्यंत आले तेव्हा टेरेन्स माझ्या टेबलापाशी आला. त्याने बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

"हे माझ्या मॉड्युलमध्ये आहे," तो म्हणाला. "आधी विचारायला हवं होतंस."

"तुम्ही मारियायीला विचारलं होतंत?"

"तू ते एकच धरून बसलीस," तो म्हणाला.

"हो."

पडद्यावर औषधाची चिठ्ठी होती, परमसिवम ए अशी, कुणाचा तरी परमसिवम. मग टेरेन्स आपल्या केबिनकडे गेला आणि दार लावून घेतलं. मी चिठ्ठीचं कोड चढवलं आणि पुन्हा छापून बघितली. परमसिवम ए/एल वैतिलिंगम, रोज रात्री एक गोळी, जेवणानंतर.

मारियायीला नवं पत्र मी डाकेने पाठवलं नाही. हातात नेऊन दिलं. वल्लीने ते उघडून तिला मोठ्याने वाचून दाखवलं. पहिलीच ओळ पूर्ण होती. म्हातारीने ऐकलं आणि हाताने पुढचं वाचू नको अशी खूण केली.

"माफी कुणाकडून आहे?" तिने विचारलं.

"संचालिकाबाईंकडून, अम्मा."

"आणि ज्याने ती ओळ लिहिली तो?"

मी नकाराची मान हलवली.

"त्याला पाठव," मारियायी म्हणाली. "मी मंगळवार, गुरुवार, शनिवार खुर्चीतच असते. कुठे पळून जात नाही."

तिचा निरोप मी टेरेन्सला शब्दशः दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. रोहाया सांगतात, अजून तरी कुणी आलेलं नाही. मी दर आठवड्याला त्याच्या केबिनचं दार वाजवते आणि विचारते, निबोंग तबालला कधी जाताय?